उशिरा निवणारी नळी

"यातली कुठली नळी सगळ्यात जास्त वेळ तापलेली राहते?" नॉर्बर्ट एकर्न यांनी विचारलं.

एकतीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतेय. त्याआधी माझा बाप करायचा, याच दुकानात, याच लेथवर. प्रेअरी डॉग, म्हणजे कुरणात बिळं करून वस्तीने राहणारे खारीच्या जातीचे प्राणी, मारायच्या रायफलीला नवी नळी बसवायला येणारा प्रत्येक जण नेमका उलटा प्रश्न विचारतो. लवकर निवणारी कुठली? कारण साधं आहे. हरणाच्या मागे गेलेला माणूस दिवसाला एखादी गोळी झाडतो. प्रेअरी डॉगच्या बिळांसमोर टेबल लावून बसलं की दुपारपर्यंत दीडशे झाडून होतात. नळी तापते, नेम भरकटतो, आणि नळीवरून उठणारी झळ रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीसमोर येऊन पलीकडचं सगळं पाण्यात पडल्यासारखं हलायला लागतं. मग नळी निवेपर्यंत कॉफी पीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढत बसायचं. नळी तापलेलीच राहावी, असं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"लवकर निवणारी म्हणायचंय ना तुम्हाला?" मी म्हटलं.

"मला काय म्हणायचंय ते मला कळतं, पोरी. गुडघे गेलेत, डोकं नाही गेलं."

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. पण नॉर्बर्टनी मला बापाच्या खांद्यावर बसलेलं पाहिलंय, त्यामुळे मरेपर्यंत मी पोरच राहणार. एरवी मी काहीतरी तिरकस बोलले असते. पण त्या दिवशी त्यांची दाढी वाढलेली होती, शर्टाचं बटण एक घर सोडून लावलेलं होतं, आणि असल्या माणसाला टोमणा मारायला माझीही जीभ रेटेना.

मी त्यांची रायफल घेतली, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, काढला आणि नळीत बारीक कॅमेरा सरकवला. आतलं दृश्य बघून माझं डोकंच फिरलं. नळीचा घसा, म्हणजे गोळी जिथून आत शिरते ती जागा, जळून उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखी भेगाळली होती.

"ही नळी मी गेल्या वर्षी मे महिन्यात बसवून दिली. चौदा महिन्यांत हिची अशी वाट लावलीत? माणसं दहा दहा वर्षं वापरतात!"

"रोज बसतो मी."

"रोज? आणि मारता काय?"

उत्तर मलाही ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं. त्यांच्या दक्षिणेच्या कुरणात दोन वर्षांपूर्वी प्लेग शिरला आणि महिन्याभरात सगळी वस्ती साफ झाली. हजारभर बिळं आणि एकही जीव नाही. गुरांचे पाय मोडतात, गवत फस्त होतं म्हणून आम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडतो, ते सगळे एका उन्हाळ्यात गेले. आणि हा म्हातारा रोज सकाळी टेबलाशी बसून त्या रिकाम्या बिळांवर गोळ्या झाडत होता. शेजारचा विन्स्टन टॉर्गर्सन हे दुकानात सांगून हसायचा. मी त्याला एकदा हाकलूनही दिलं होतं.

मी नळ्या काढून टेबलावर मांडल्या. बारीक हलकी नळी, डोंगरात खांद्यावर घेऊन फिरायला बरी. बाहेरून लांब खाचा पाडलेली जाड नळी, खाचांमुळे वारा लागून लवकर निवणारी. कार्बनच्या धाग्यांनी मढवलेली, हल्ली तरुण मंडळी हिच्यावर जीव टाकतात. आणि शेवटची, सव्वीस इंची, मागून पुढपर्यंत जवळजवळ एकाच जाडीची, साध्या पोलादाची.

"ही कार्बनची घ्या," मी म्हटलं. "हिच्यावरून झळ जेमतेम उठते. दुर्बिणीत अगदी स्वच्छ दिसेल."

त्यांनी त्या नळीवर ठेवलेला हात चटकन मागे घेतला. "ही नको. ही अजिबात नको."

"मग खाचांची?"

"बारीक नळी लवकर तापते ना?"

"वीस गोळ्यांत. पण तेवढ्याच लवकर निवते."

"हो. माझी पहिली तशीच होती. टेबलापासून तिथपर्यंत पोचायच्या आत..." ते थांबले. मग त्यांनी जाड नळीवर अंगठा फिरवला. "ही किती वेळ राहील?"

"जुलैच्या उन्हात, शंभर गोळ्यांनंतर? वीस मिनिटं तरी झळ देईल. तिथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, नॉर्बर्ट?"

ते नळीकडेच बघत राहिले. मी उठून दाराला आतून कडी घातली, कॉफीचा मग त्यांच्यासमोर आदळला आणि म्हटलं, "आता सांगा. नाहीतर नळी मिळणार नाही. कुठलीच."

त्यांची बायको आर्डेल चार वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या एका रविवारी घरातून गेली, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आर्डेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. मला लहानपणी त्यांनीच बायबल शिकवलं, आणि गप्प बसायला शिकवायचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटची दोन वर्षं त्यांचं विसरणं वाढलं होतं. कॉफीत मीठ घालायच्या, कोंबड्यांना नावं विचारायच्या. त्या दिवशी नॉर्बर्ट घरी आले तर फळीवर ब्रेड कापलेला, सुरी लोण्यात तशीच, आणि घर रिकामं. शेरीफची माणसं आली, कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं. आर्डेल सापडल्या नाहीत.

"त्या सकाळी मी टेबलाशी होतो," नॉर्बर्ट म्हणाले. "तेव्हा वस्ती भरलेली होती. शंभरेक गोळ्या झाल्या होत्या, नळीला हात लावला तर पोळेल अशी. झळेत सगळं नाचत होतं. तरी मी मारत होतो, हावरटासारखा. मग शेवटच्या उंचवट्यावर एक दिसला. मोठा. मागच्या पायांवर उभा. बाकी सगळे बिळात पळाले आणि हा उभाच."

मी त्यांच्या मगात आणखी कॉफी ओतली.

"तुला ठाऊक आहे झळेत कसं होतं ते. जवळचा लांब वाटतो, हातभराचा पुरुषभर दिसतो. मला वाटलं अलीकडचा, तीनशे यार्डांवरचा प्रेअरी डॉग आहे, झळेने मोठा दिसतोय. पहिली गोळी चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या गोळीला तो खाली गेला."

"आणि?"

"आणि काय? बंदूक पुसली, घरी आलो." त्यांचा आवाज चिरकला. "प्रेअरी डॉग मेला का हे बघायला कुणी चालत जातं का, रोंडा? तू गेलीयेस कधी?"

मी कधीच गेले नव्हते. कुणीच जात नाही. टेबलावरून उठायचं नाही, ससाणे आणि कोल्हे बघून घेतात, हीच आमची रीत. मला पहिल्यांदाच त्या रितीची शिसारी आली.

"शेरीफच्या माणसानं विचारलं, दक्षिणेचं कुरण शोधायचं का. मी म्हणालो, तिकडे सकाळपासून मी दुर्बीण लावून बसलोय, ती आली असती तर मला दिसली असती. त्याला ते पटलं. माझ्या नजरेवर कोण शंका घेणार? मग सगळे उत्तरेच्या ओढ्याकडे गेले."

"तुम्ही असं का सांगितलंत?"

"कारण मला जाऊन बघायचं नव्हतं," ते म्हणाले. "आता मात्र बघायचंय. मी तिला मारलं का, एवढंच मला कळू दे. मग मरायला मी मोकळा."

त्यापुढचं त्यांनी कॉफीच्या मगाला सांगितलं, माझ्याकडे बघून नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून, नळी तापली की, त्या शेवटच्या उंचवट्यावर आर्डेल उभ्या दिसतात. नळी थंड असताना दिसत नाहीत. झळ अडवायला नळीवर कापडी पट्टी ताणली तर दिसत नाहीत. टेबलावरून उठून चालत गेलं तर तिथं फक्त माती. त्यांनी तो उंचवटा तीन उन्हाळे खणला होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तेव्हा तर मुळीच ठेवत नव्हते. म्हाताऱ्याला उन्हाने आणि मनाने मिळून वेड लावलंय, असं माझं ठाम मत झालं. पण तीन वर्षं तो माणूस एकटाच त्या टेबलाशी बसला होता, आणि मी त्याला नळ्या पुरवत होते. मी जाड नळी बाजूला काढली.

"आठवड्याभरात बसवून देते. पण पहिल्या दिवशी मी सोबत येणार."

"कशाला?"

"नळी नवी आहे. तुम्ही जाळाल."

"ये मग," ते म्हणाले. "दुसरा डोळा बरा."

जुलैतल्या शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही टेबलाशी बसलो. टेबल घरामागच्या चढावर. पुढे कुरण उतरत जातं आणि सहाशे यार्डांवर शेवटचा उंचवटा. भरलेल्या वस्तीचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला ती शांतता सहन होणार नाही. एरवी माणूस दिसला की शेकडो गळ्यांतून चिरकं भुंकणं सुरू होतं. इथं नुसती तोंडं उघडी टाकलेली बिळं आणि गवतावरून डावीकडून उजवीकडे जाणारा वारा. नॉर्बर्ट गोळ्या झाडत होते, मी हातात देत होते. गोळ्या पलीकडच्या मातीच्या बांधात जाऊन रुतत होत्या. नव्वदीला मी नळीच्या जवळ हात नेला आणि मागे घेतला.

"बास," ते म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "बघ."

मी आधी बोल्ट काढून खिशात टाकला. कुणाला दुर्बिणीतून बघायचं असेल तर बंदूक आधी मोकळी करायची, एवढी शिस्त बापाने लावली होती. मग डोळा लावला.

झळ उसळत होती. उंचवटे, गवत, कुंपणाचे खांब, सगळं वाऱ्याबरोबर डावीकडून उजवीकडे वाहत होतं. मी दुर्बीण शेवटच्या उंचवट्यावर आणली. तिथं कुणी नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग झळेची एक जाड लाट आली आणि तिच्यात एक बाई उभी होती.

डोक्याला पिवळा रुमाल, राखाडी झगा, एक हात कपाळाशी आडवा, उन्हात लांबचं बघताना धरतो तसा. बाकी सगळ्यासारखी तीही त्या लाटेत हलत होती. फक्त रुमालाची टोकं सरळ खाली लोंबत होती. चहूकडे गवत वाऱ्याने आडवं झालेलं, आणि ती टोकं हलत नव्हती.

मी दुर्बिणीवरून डोळा काढला, कुरण रिकामं. पुन्हा लावला, त्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती त्यांची उभं राहण्याची ढब मी कुठेही ओळखली असती.

"रुमाल हलत नाहीये," मी म्हटलं.

"त्या दिवशी वारा नव्हता," नॉर्बर्ट म्हणाले. "पान हलत नव्हतं."

मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. भीती जाईना. पण माझा स्वभाव असा, की घाबरले की चिडते, आणि चिडले की डोकं चालायला लागतं.

"तुम्ही खणलंत कुठे?"

"जिथं दिसते तिथं. उंचवट्यावर."

"नॉर्बर्ट! झळ चित्र वर उचलते. वारा डावीकडून असला की उजवीकडे ढकलते. दिसतं तिथं काही नसतं, नेम त्याच्या खाली आणि डावीकडे धरायचा. पन्नास वर्षं नेम धरताय, हे मी तुम्हाला शिकवू?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण तो हिशेब नेम धरायचा आहे, रोंडा. तिच्यासाठी तो मांडायला मला जमलं नाही. एकदा मांडला होता ना मी. तिसऱ्या गोळीला."

मग तो मी मांडला. वारा, अंतर, झळेचा वेग, सगळं हिशेबात घेऊन मी दुर्बिणीतली रेघ खाली आणि डावीकडे नेली. रेघ उंचवट्यावरून उतरून त्याच्या पायथ्याच्या ओघळीवर थांबली. पावसाच्या पाण्याने कापलेली अरुंद, पुरुषभर खोल घळ. टेबलावरून तिचा नुसता काठ दिसतो आणि काठावर काटेरी झुडुपं माजलेली.

"ओघळीत बघितलंत कधी?"

"वरून. झुडुपं आहेत. आत काही..." ते थांबले. "आत उतरलो नाही."

मी त्यांच्या हातात जोडीतला एक वॉकीटॉकी दिला. "चला. नळी आहे तोवर मी इथून सांगते."

ते निघाले. गुडघ्यामुळे एका बाजूला झुकत, बिळं चुकवत. मी डोळा लावून बसले. माणूस चालत जाताना पाठमोरा बारीक होत जातो, पण दुर्बिणीत तो एकदम चित्राच्या खालच्या कडेने आत शिरला. आता चित्रात दोघं होती. नॉर्बर्ट चढत होते आणि आर्डेल तशाच उभ्या होत्या. ते त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचले आणि त्यांना काहीच दिसलं नाही.

"कुठे आहे?" वॉकीटॉकीतून धापा ऐकू आल्या.

"तुमच्या उजव्या हाताला. पण थांबू नका, त्या तिथं नाहीत. डावीकडे खाली उतरा."

तरी ते थांबले. उजवीकडे वळले आणि हवेत हात पुढे केला, आंधळा माणूस करतो तसा. हात आर्डेलच्या खांद्यातून आरपार गेला. आर्डेल हलल्या नाहीत. मला रडू फुटलं आणि त्याचा मला रागही आला, कारण डोळे ओले झाले की दुर्बिणीतून दिसत नाही.

"नॉर्बर्ट, नळी निवतेय. उतरा."

ते उतरले. झुडुपं हलली, टोपी दिसली, मग टोपीही दिसेना. बराच वेळ नुसती खरखर.

"काठाखाली मातीचं छत आहे," ते म्हणाले. "अर्धं ढासळलंय. सावली आहे." पुन्हा खरखर. "बूट आहेत तिचे. शेजारी शेजारी लावून ठेवलेत. दारात ठेवायची तसे."

"आणि?"

"आहे. आत आहे ती. बसलीय, रोंडा. भिंतीला टेकून." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "पाय वाकडा आहे घोट्यापाशी. वरून पडली असणार. थर्मास आहे. माझा. आणि सँडविचचा कागद, घडी घालून वर दगड ठेवलाय."

आर्डेल त्यांचं जेवण घेऊन निघाल्या होत्या आणि वाट चुकून कुरणाच्या पलीकडच्या टोकाला पोचल्या. उंचवट्यावर उभं राहून नवऱ्याचं लक्ष जातंय का बघत होत्या, गोळ्या कानाशेजारून गेल्या, आणि दचकून बाजूला होताना त्या खाली घळीत पडल्या.

"नाही लागली," नॉर्बर्ट म्हणाले. "कुठेच काही नाही. मी नाही मारलं तिला. ऐकलंस का, रोंडा? चुकली माझी गोळी!" ते हसत होते की रडत होते, कळेना. "तिसरीपण चुकली!"

मी काही म्हणणार तेवढ्यात हसणं थांबलं.

"थर्मासचं झाकण इथं काठाखाली ठेवलंय. सरळ. दोन्ही बाजूंना दगड लावून, पडू नये म्हणून. वरून पाणी टपकेल तिथं नेमकं. आत गाळ आहे. सुकलेला."

मला कळलं, आणि देवाशप्पथ, त्यांना कळू नये असं वाटलं. त्या ऑगस्टात आमच्याकडे पाऊस एकदाच पडला होता. त्या गेल्यानंतरच्या गुरुवारी. त्या पावसाने माग धुतले गेले म्हणून तर शेरीफने शोध थांबवला. रविवारी घळीत पडलेल्या बाईने गुरुवारी पावसाचं पाणी धरायला झाकण मांडलं होतं.

"गुरुवारी," वॉकीटॉकी म्हणाला. "गुरुवारपर्यंत होती ती. इथं. आणि मी त्यांना ओढ्याकडे पाठवलं."

मी त्यांना काय सांगणार होते? तुमचा काय दोष, असं? तसं नव्हतं, आणि मला खोटं सांत्वन करता येत नाही. मी दुर्बिणीत बघत राहिले. झळ पातळ झाली होती. आर्डेल अजून उभ्या होत्या.

"दिसतेय का अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्याकडे बघतेय का?"

त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. नवरा पायांखालच्या घळीत त्यांच्याच हाडांशेजारी बसला होता, आणि त्या कपाळावर हात धरून टेबलाकडे बघत होत्या. सरळ माझ्याकडे. चार वर्षं त्या एवढंच बघत होत्या, टेबलावरच्या माणसाचं आपल्याकडे लक्ष जातं का.

माझा हात कसा वर गेला मला सांगता येणार नाही. शेतात जेवण घेऊन कुणी येताना दिसलं की आपण करतो तसा मी हात केला. ये, दिसलीस.

आर्डेलनी कपाळावरचा हात खाली घेतला आणि चालायला लागल्या.

"नॉर्बर्ट," मी म्हटलं. "त्या निघाल्यात."

"कुठे?"

"इकडे. टेबलाकडे. हातात थर्मास आहे. एक पाय ओढत चालतायत, पण येतायत. तुम्ही परत या. इथं खुर्चीवर मी आहे, नॉर्बर्ट. मी नको आहे इथं, तुम्ही हवेत. पळा!"

पुन्हा नळी तापवायची सोय नव्हती. बोल्ट माझ्या खिशात होता आणि माझ्यासमोर दोन माणसं होती, एक जिवंत, एक नाही. जी काय ऊब होती ती त्या जाड पोलादात होती तेवढीच. झुडुपं हलली, नॉर्बर्ट वर आले. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस एवढा पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. दोनदा बिळात पाय अडकून पडले आणि उठले. दुर्बिणीत ती दोघं शेजारून येत होती, ते धापा टाकत, त्या लंगडत, आणि त्यांच्यामध्ये चार हात अंतर. झळ विरत चालली होती. रुमालाचा पिवळा रंग आधी गेला. मग झगा गवताच्या रंगाचा झाला. मग दोघंही दुर्बिणीसाठी फार जवळ आली आणि चित्र नुसतं धूसर झालं.

मी खुर्ची सोडली आणि बाजूला झाले. मागे बघायचा धीर झाला नाही.

नॉर्बर्ट आले आणि खुर्चीत कोसळले. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी नळीवर तळहात ठेवला, ती कोमट असावी, कारण हात तिथंच राहिला. मग त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला, पाठ ताठ केली, आणि आयुष्यभराची सवय असल्यासारखा, वर न बघता, उजवा हात बाजूला पुढे केला.

ते तसेच थांबले. वारा होता, बाकी काही नव्हतं. मग त्यांची बोटं कशाभोवती तरी मिटल्यासारखी वळली आणि हात किंचित खाली गेला, भरलेला कप हातात आल्यावर जातो तेवढाच.

"बस इथं," ते हळूच म्हणाले. ते मला म्हणाले नव्हते.

मी टेबलापासून लांब, कुंपणापर्यंत चालत गेले आणि तिथून शेरीफला फोन लावला.